माझ्या खोलीचा गार कोबा

डिसेंबरात पहाटे उठून सिमेंटच्या कोब्यावर अनवाणी पाय ठेवायचा आणि तोंडातून आवाज काढायचा नाही, अशी स्पर्धा कोणी तालुक्याला ठेवली तर मी तिच्यात भाग घेणार नाही. वक्तृत्वात घेते. वक्तृत्वात यंदा मी तालुक्यातून पहिली आले आणि तेव्हापासून मला कोणत्याही विषयावर सात मिनिटं बोलता येतं. पण त्या कोब्यावर पाय पडला की माझ्या तोंडून फक्त "आई गं" निघतं, आणि पुढचे मुद्दे आठवत नाहीत.

कोबा माझ्या खोलीचा. 'माझ्या' हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे, कारण सगळं भांडण त्याच शब्दासाठी होतं. आमचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली आहे आणि नवीन गावातली घरं प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांसारखी एका रांगेत आहेत. आमच्या घरामागे बाबांनी दिवाळीआधी एक खोली बांधली. वर स्लॅब, खाली कोबा. टाइल्सचा विषय निघाला तेव्हा बाबा म्हणाले, "टाइल्सचं मागून पाहू." आमच्याकडे 'मागून पाहू' म्हणजे माझ्या लग्नाच्या वेळी.

खोली बांधली होती शेतातलं धान ठेवायला. मी ती मागितली दहावीसाठी. पुढच्या खोलीत टीव्ही, मधल्या खोलीत आजोबांचा, म्हणजे आबाजींचा, रेडिओ आणि रेडिओवर मात करणारा आबाजींचा खोकला. अशा ठिकाणी भूमितीची प्रमेयं डोक्यात शिरत नाहीत, बाहेरच उभी राहतात. आणि खरं सांगायचं तर मला कडी हवी होती. आतून लावता येणारी. आमच्या घरात आतून कडी फक्त न्हाणीला आहे आणि तिथेही पाच मिनिटांनी कोणीतरी "झालं काय वं?" म्हणून ओरडतं.

मी बाबांसमोर पूर्ण भाषण केलं. बाबा शाळेत लिपिक आहेत, त्यामुळे अट घातल्याशिवाय त्यांना कोणतीच मागणी मंजूर करता येत नाही.

"संक्रांतीपर्यंत रोज त्याच खोलीत झोपाचं," बाबा म्हणाले. "एक दिवस जरी आमच्या खोलीत पळून आली, तं खोलीत धान जाईन. मंजूर?"

"मंजूर," मी म्हणाले. तेव्हा नोव्हेंबरची सुरुवात होती. नोव्हेंबरच्या सुरुवातीला माणूस काहीही मंजूर करतो.

धान छपरीत ताडपत्रीखाली थांबलं आणि मी खोलीत गेले. डिसेंबर लागला तसा कोबा बदलला. दिवसभर तो आपला गप्प असायचा. संध्याकाळ झाली की जमिनीखालचा सगळा गारवा गोळा करून माझ्या तळपायांची वाट बघायचा. तुम्ही म्हणाल, खाट का नाही टाकली? टाकली. पण सुतळीच्या खाटेला खालून एवढी भोकं असतात की गारवा एकेका भोकातून नंबर लावून वर येतो. शिवाय अभ्यासाला खुर्चीवर बसलं की पाय कोब्यावरच. दोन मोजे घातले. तिसरा घातला तेव्हा पायात चप्पल जाईना.

पहिला उपाय माझाच होता आणि तो फुकट होता. माझ्या बक्षिसानंतर शाळेच्या फाटकावर फ्लेक्स लागला होता: 'तालुक्यातून प्रथम! कु. दामिनी हिचे हार्दिक अभिनंदन!' बाजूला माझा दोन हात लांबीचा चेहरा. फ्लेक्स उतरवल्यावर तो मीच घरी आणला होता. खाली किराणा दुकानातले खोके उलगडून अंथरले, वर फ्लेक्स पसरला. गारवा थोडा कमी झाला हे मान्य करायला हवं. पण आई चहा घेऊन आली आणि तिचा पाय नेमका माझ्या नाकावर पडला. मागून आबाजी आले, ते काठी टेकून माझ्या डाव्या डोळ्यात उभे राहिले. मग उषाकाकू आल्या. उषाकाकू म्हणजे शेजारच्या, आमच्या गल्लीची सल्ल्याची टाकी. नळ बंद होतच नाही. त्या दारातच थांबल्या.

"अवं, पोरीच्या तोंडावर पाय कसा देऊ मी?" असं म्हणून त्यांनी उडी मारली आणि 'हार्दिक'वर घसरल्या.

फ्लेक्स गेला. उषाकाकूंची कंबर दोन दिवस धरली होती, पण तोंड चालू होतं. "घमेल्यात निखारे ठेव," त्या म्हणाल्या. "रातभर खोली कशी तव्यासारखी राह्यते."

हे ऐकून आई आतून लाटणं घेऊनच बाहेर आली. आई अंगणवाडी सेविका आहे. "बंद खोलीत निखारे? उषाताई, मागच्याच महिन्यात बैठकीत मी हेच सांगितलं ना, का बंद खोलीत कोळसा ठेवू नका, माणूस झोपेतच जाते म्हणून? तुम्ही पहिल्या रांगेत बसल्या होत्या!"

"होती ना," काकू म्हणाल्या. "पण तवा चिवडा आला होता."

मग हीटर. बक्षिसाच्या पैशातून मी भंडाऱ्याच्या बाजारातून हीटर आणला. सोबत उषाकाकू होत्याच, कारण एसटीत त्यांना जागा मिळते. पितळी भांड्यांच्या दुकानांच्या पलीकडे एका दुकानदाराने तो पेटवून दाखवला. आतली तार जिलबीसारखी लाल झाली. "घ्या बिनधास्त," तो म्हणाला, "याची तक्रार आजवर आली नाही." नंतर मला कळलं की त्याने दुकानच मागच्या आठवड्यात उघडलं होतं.

संध्याकाळी मी घरच्यांना बोलावलं, दोन शब्द बोलले आणि बटण दाबलं. तार लाल झाली. ताटाएवढी जागा गरम झाली. आबाजींनी त्या ताटात दोन्ही पाय ठेवले आणि म्हणाले, "वा!" त्या 'वा'बरोबर आमच्या घरातली वीज गेली, शेजारच्या घरातली गेली, आणि पलीकडच्या चार घरांतून एकाच वेळी आवाज आला, कारण मालिकेत सुनेने नुकतंच पाकीट उघडलं होतं. त्या पाकिटात काय होतं हे आमच्या गल्लीला अजून माहीत नाही, आणि दोन बायका त्यासाठी मला जबाबदार धरतात.

लाइनमन प्रविणदादा आले. खांबावर चढले, उतरले, आमच्या मीटरकडे बघून मान हलवली. "तुमचा मंजूर भार एक पंखा, चार दिवे अन् टीव्हीचा. त्यात हे काय लावलं? भार वाढवाचा तं ऑनलाइन अर्ज करा."

मी केला. नवीन आत्मविश्वास आलेल्या माणसाला ऑनलाइन अर्जाची भीती वाटत नाही. ती पुढे वाटते. नाव भरलं, ग्राहक क्रमांक भरला. मग 'गाव निवडा' आलं, आणि यादीत आमचं नवीन गाव नव्हतं. जुनं होतं. मी प्रविणदादांना फोन केला.

"मंग जुनं टाक," ते म्हणाले.

"दादा, जुनं गाव धरणात आहे."

"माहीत आहे वं, माह्या मावशीचं घर होतं तिथं."

मी जुनं टाकलं. दहा दिवसांनी उत्तर आलं की प्रत्यक्ष पाहणीसाठी कर्मचारी त्या ठिकाणी पोहोचू शकले नाहीत, अर्जदाराने रस्ता कळवावा. आबाजींनी ते दोनदा वाचून घेतलं आणि होडीने, म्हणजे आमच्या डोंग्याने, नदी ओलांडायचे दिवस आठवून एवढे हसले की त्यांचा खोकला रेडिओला ऐकू गेला.

हीटर आईने कपाटावर ठेवला. मग आबाजींनी सूत्रं हाती घेतली. टिकाराम आबाजींचं म्हणणं असं की थंडी ही नवीन गावातच आहे. जुन्या गावात ती नव्हतीच. "मातीची भुई होती ना बाई. ह्या सिमिटाले जीव नाही. तणस टाक खाली. धानाची तणस. वर सतरंजी. कोंबड्या कशा झोपतात पाह्यलं नाही काय तू?"

मला कोंबडीची उपमा आवडली नाही, पण तणस आवडली. मळणीनंतरची सोनेरी, सुकी, टीचभर जाड तणस आबाजींनी स्वतः पसरली. वर सतरंजी, वर गोधडी. त्या दिवशी मी पहिल्यांदा पायमोज्यांशिवाय झोपले. सकाळी उठले तर अंग गरम, डोकं हलकं, आणि मला स्वतःविषयी एवढं चांगलं वाटत होतं की मी गाणं म्हणत आंघोळीला गेले. दार उघडं ठेवून.

परत आले तर खोलीत उषाकाकूंची तांबी उभी होती.

तांबी ही गाय आहे. ती माझ्या खोलीच्या मधोमध उभी राहून माझी गादी खात होती. सतरंजी तिने शिंगाने बाजूला केली होती, अगदी घडी घातल्यासारखी. मी "हट" म्हणाले. तिने माझ्याकडे बघितलं, खोलीकडे बघितलं, आणि तिच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसलं की ही गोठ्याची नवीन व्यवस्था तिला पसंत आहे आणि मी इथे काय करते आहे हा तिला प्रश्न पडला आहे. मी शेपटी धरून ओढली. तिने शेपटी फिरवली, आणि माझे नुकतेच धुतलेले केस पुन्हा धुवावे लागतील असं काहीतरी झालं.

गल्ली जमली. कोणी म्हणालं सरकीची ढेप दाखवा, कोणी म्हणालं वासरू आणा. बाबा शाळेत निघाले होते, ते सायकलवर एक पाय टेकून म्हणाले, "खोलीत कोणीतरी मुक्कामाले आहे वाटते."

"काकू, तुमची गाय काढा ना!" मी ओरडले.

"अवं, जेवताना उठवू नये कोणाले," उषाकाकू म्हणाल्या. "संपत आलं पाह्य."

संपलं. माझा सगळा बिछाना संपवून तांबी शांतपणे बाहेर गेली आणि जाताना कोब्यावर भलं मोठं शेण टाकून गेली. मी तिथेच बसून रडले असते, पण बसायला जागा नव्हती.

आबाजी आले, त्यांनी शेणाकडे पारखून बघितलं. "ताजं आहे," ते म्हणाले. "आलंच आहे तं सारवून घे. सारवलेली भुई कधी गार पडते काय?"

तुम्हाला हसू येईल, पण त्या वेळी मला ते शास्त्रीय वाटलं. मी आणि आबाजींनी कोबा सारवला. चार बोटांच्या नक्षीसह. आई अंगणवाडीतून आल्यावर म्हणाली, "मातीवर धरते ते, सिमेंटावर कसं धरीन?" पण तेव्हा आम्ही दोघं संशोधक होतो आणि संशोधकांना टीका ऐकू येत नाही. दोन दिवस ठीक गेले. तिसऱ्या दिवशी सारवण वाळलं आणि कोब्यापासून सुटून कडांनी वर वळू लागलं. चौथ्या दिवशी माझ्या खोलीत दोनेकशे पापड वाळत घातल्यासारखे दिसत होते. चाललं की कुरकुर वाजायचे. एक पापड माझ्या मोज्याला चिकटून शाळेत आला आणि परिपाठाच्या वेळी, सगळ्यांसमोर, मी सुविचार सांगत असताना पडला. मी त्यावर पाय ठेवून उरलेला सुविचार पूर्ण केला. याला वक्तृत्व म्हणतात.

पण त्याच आठवड्यात ढग आले, गार वारा सुटला, आणि एका सकाळी मी जागी झाले ती मधल्या खोलीत, आईच्या पांघरुणात. मी शपथ घेऊन सांगते, मला आल्याचं आठवत नाही. पायांनी माझी परवानगी न घेता निर्णय घेतला असावा. वर बघितलं तर बाबा चहाचा कप घेऊन उभे.  त्यांनी कॅलेंडरवरच्या संक्रांतीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

मी हरले होते. आणि बाबांचीही अडचण होती. धान खरेदी केंद्रावर बारदाना संपला होता. रिकामी पोती येईपर्यंत कोणाचं धान घेणार नाहीत, नंबर लागला की मोबाईलवर कळवू, असा निरोप आला होता. छपरीतलं धान ढगाच्या भरवशावर कसं ठेवायचं? दुपारपर्यंत चाळीस पोती माझ्या खोलीत आली. एकेक पोतं आत जाताना मी दारात उभी होते. कोब्याची एक वीतही दिसेना. खाट बाहेर, टेबल बाहेर.

"तू मधल्या खोलीत ये," आई म्हणाली.

"नाही," मी म्हणाले. "अट एवढीच होती की खोलीत धान जाईल. मी बाहेर येईन असं कोणी म्हटलं नव्हतं."

लिपिक माणसाला शब्दाबाहेर जाता येत नाही. बाबांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "झोप मग धानावर."

मी पोत्यांवर गोधडी टाकली, उशी घेतली आणि चढले. स्लॅब एवढा जवळ आला की बसून अभ्यास करायला मान वाकवावी लागे. धानाची कुसळं गोधडीतून टोचायची. पहिले दोन दिवस मी शाळेत एवढी खाजवत होते की बाईंनी मला वेगळ्या बाकावर बसवलं. पण गारवा? गारवा खाली कुठेतरी कोब्याजवळच राहिला, चाळीस पोत्यांच्या पलीकडे. वर यायला त्याला वाट सापडेना. कोब्याची खोली गरम करायचा उपाय मी महिनाभर शोधत होते, आणि ज्या धानाला मी शत्रू समजत होते तेच पोत्यांत भरून छपरीत बसलं होतं.

बातमी गल्लीत फिरली. आधी आबाजी रेडिओ घेऊन वर चढले. मग संध्याकाळी उषाकाकू, वाटाणे सोलायला. मग त्यांच्या दोन मैत्रिणी. आई चहा वरच द्यायला लागली. मी गरम पाण्याची रबरी पिशवी पायाशी घ्यायचे, ती एकदा ओघळली, पण मी त्याचा फार गाजावाजा केला नाही. सात-आठ माणसं, चहाची वाफ, आणि मधोमध मी, भाषणाची तयारी करत. बाबा मात्र येत नव्हते. ते दारातून म्हणायचे, "हे गोदाम आहे. क्लब नाही."

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मोबाईलवर निरोप आला: उद्या धान घेऊन या. ट्रॅक्टर आला, पोती गेली. खोलीत पुन्हा कोबा उघडा पडला, आणि मला वाटतं तो हसला. बाबांसोबत मीही केंद्रावर गेले, कारण धानाला निरोप द्यायचाच तर पूर्ण द्यावा.

केंद्रावर भोजराजभाऊ धान तपासतात. त्यांनी पोत्यात सुई खुपसली, मूठभर धान ओलावा मोजायच्या यंत्रात टाकलं, आकडा बघितला आणि यंत्राला थापट मारली. पुन्हा बघितला.

"संजीवभाऊ, सतराच्या वर आम्ही घेत नाही जी. हे तं अठरा दाखवून राहिलं. ठेवलं कुठं होतं?"

"खोलीत," बाबा म्हणाले. "पक्क्या खोलीत."

"खोलीत काय होतं?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "ही होती."

"ही काय करे तिथं?"

"भाषण."

भोजराजभाऊंनी गंभीरपणे मान हलवली. "मंग होईनच ना दमट." आणि आमच्या पावतीवर लिहिलं: 'वाळवून आणावे.' मागच्या रांगेतले सगळे शेतकरी माझ्याकडे वळून बघत होते. तालुक्यात पहिली आल्यावरसुद्धा एवढे लोक बघत नव्हते. ओघळलेल्या रबरी पिशवीबद्दल मी तिथेच कबूल केलं, पण लोकांना भाषणाचंच कारण आवडलं होतं. ते अजून तसंच सांगतात.

येताना ट्रॅक्टरवर बाबांनी ती पावती दोनदा वाचली आणि घडी घालून खिशात ठेवली. मला वाटलं, आता खोली तर जाईलच, पण शाळेतली सहलही जाईल.

ढग निघून गेले होते. दुसऱ्या दिवसापासून अंगणात ताडपत्री टाकून सगळं धान उन्हात पसरलं. शाळेआधी आणि शाळेनंतर ते पायाने फिरवायचं काम मला मिळालं. शिक्षाच होती ती. मी अनवाणी धानात फिरायचे आणि उन्हाने तापलेलं धान बोटांच्या फटींतून वर यायचं. दव पडायच्या आत, उन्हं उतरताना आम्ही ते पुन्हा पोत्यांत भरायचो आणि खोलीत नेऊन रचायचो. पहिल्याच संध्याकाळी मी वर चढले आणि तशीच बसून राहिले. पोती ऊन होती. नुसती गार नाहीत असं नव्हे. तव्यावरून काढून ठेवलेल्या भाकरीसारखी ऊन. दिवसभराचं ऊन आम्ही पोत्यांत भरून आत आणलं होतं. त्याला ना वीज लागत होती, ना भार मंजूर करावा लागत होता, ना बुडालेल्या गावाचा रस्ता कळवावा लागत होता.

त्या संध्याकाळी मी कोणालाच बोलावलं नाही. रबरी पिशवी आईला परत केली. बाहेरून उषाकाकू ओरडल्या, "दामिनी, येऊ काय वं?" मी म्हणाले, "धान वाळायचं आहे, काकू. माणसं चालणार नाहीत." आणि आतून कडी लावली. भूमितीची तीन प्रमेयं एका बैठकीत झाली.

चार दिवसांनी भोजराजभाऊ गावात कोणाकडे तरी आले होते. जाता जाता आमच्या अंगणात यंत्र लावून बघितलं. साडेपंधरा. "एक नंबर," ते म्हणाले. "कधीही घेऊन या."

ती संध्याकाळ संक्रांतीच्या आदल्या दिवसाची. मी वर बसून वाचत होते, आता पोती जाणार, हा उबेचा शेवटचा दिवस म्हणून जरा मन लावून. दारावर टकटक झाली. आमच्या घरात कोणी टकटक करत नाही, लोक ढकलतात. मी म्हणाले, "कोण?"

"मी," बाबांचा आवाज आला. "येऊ काय आत?"

मी कडी काढली. बाबा उभे होते. पायात मोजे नव्हते, आणि कोब्याच्या उंबऱ्यावर ते एकदा या पायावर, एकदा त्या पायावर उभे राहत होते.

"धान तपासाचं होतं," ते म्हणाले.

ते वर चढले. माझं पुस्तक हलणार नाही याची काळजी घेत कोपऱ्यात बसले. एका पोत्याचं तोंड सैल करून हात कोपरापर्यंत आत घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग दुसरा हातही घातला. हळूहळू त्यांचे खांदे खाली आले.

"भोजराजभाऊ साडेपंधरा म्हणाले, बाबा."

"यंत्राचं काय खरं असते," बाबा डोळे मिटून म्हणाले. "मले अजून दमट लागून राहिलं. आठ-पंधरा दिवस ऊन दाखवू. तू वाच आपली."